बाळंतिणीची खोली आणि खिडकीची फट

श्रावणात खिडकी लागत नाही म्हणून सुतार रंधा मारून देतो आणि पौषात त्याच खिडकीतून रात्रभर वारा येतो. आमच्या कोकणातल्या तुडीलसारख्या गावात गणपतीच्या आधी रंगरंगोटी आणि दुरुस्त्या उरकायच्या असतात, त्यामुळे हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात होतं. पावसात लाकूड पाणी पिऊन फुगतं, झडप चौकटीत अडकते. तेवढा फुगवटा तासून काढला की काम झालं असं वाटतं. दिवाळीनंतर कोरडा वारा सुटतो, लाकूड पुन्हा आकसतं, आणि तासलेली जागा कायमची फट होऊन बसते.

घाटावरच्या माणसांना कोकणातली थंडी खरी वाटत नाही. पण सह्याद्रीवर गार झालेली हवा रात्री उतारानं खाली सरकते आणि सावित्रीच्या खोऱ्यात साचते. पहाटे खाचरांवर धुकं उभं असतं. हवामान खात्याच्या हिशेबात थंडीची लाट ठरवताना सपाट मुलखासाठी किमान तापमान १० अंशांपर्यंत उतरावं लागतं, किनारी भागासाठी १५ अंशांची मर्यादा धरतात. थंडीची सवय नसलेल्या अंगाला १५ अंशही बाधतात, हे त्या आकड्यांत गृहीत धरलेलं आहे. आणि ज्याला जन्मून आठवडाही झालेला नाही, त्याला कसलीच सवय नसते.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती पौषात. प्रसूती दवाखान्यात नीट झाली, माय-लेकरू घरी आली. बाळंतिणीसाठी आम्ही मागच्या अंगाची खोली दिली. घर जुनं, कौलारू. ही खोली मात्र नंतर बांधलेली, वर स्लॅब, आणि खिडकी जुन्या घरातून काढून बसवलेली. तीच श्रावणात तासून घेतलेली. रात्री बाजेवर सरळ गार झोत यायचा. सासूबाईंनी फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, आतून प्लास्टिकचा कागद ठोकला, दारावर वाकळ टांगली. बाजेखाली कोळशाची शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हे त्यांनी चार बाळंतपणांत पाळलं होतं आणि त्यांची चारही मुलं धडधाकट होती.

लेकीचं डोकं दुखू लागलं. मळमळ, अंगात त्राण नाही. अशक्तपणा असेल, जागरण असेल, असंच सगळ्यांनी धरलं. न्हाणीत गेली, पडवीत जरा बसली की तिला बरं वाटायचं; खोलीत परतली की पुन्हा कपाळ ठणकायचं. मालीश करायला येणाऱ्या मावशीही डोकं धरून बाहेर पडायच्या. बाळ शांत झोपतं म्हणून शेजारणी कौतुक करत होत्या, पण ते अंगावर प्यायला उठत नव्हतं. हे सगळं एकाच खोलीत घडत होतं, आणि खोलीकडे कुणी पाहिलं नाही.

पाहिलं ते आशाताईंनी. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ तपासते. त्या आल्या, दारातच थबकल्या, वाकळ बाजूला केली आणि आधी दोघांना बाहेर पडवीत आणायला लावलं. मग विचारलं, "शेगडी रात्रभर असते का?" त्याच दुपारी आम्ही महाड गाठलं. दोघांना प्राणवायू लावला आणि दोघंही सुखरूप घरी आली. दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं ते असं.

कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. लालबुंद, धूर नसलेला निखारा आपल्याला निर्धोक वाटतो, पण हा वायू त्यातूनही येतच असतो. डोळ्यांना धूर झोंबला नाही तर माणूस उलट बेसावध राहतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. साध्या हवेत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ४ ते ५ तास लागतात. मास्क लावून शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास. कोरोनात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं यंत्र इथे फसवतं. या वायूनं भरलेलं रक्त त्याला प्राणवायूनं भरलेलंच दिसतं. माझ्या लेकीच्या बोटावर त्यानं ९८ दाखवले होते. आकडा चांगला म्हणून त्या दुपारी आम्ही घरी थांबलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार आजही मला करवत नाही.

मग सासूबाईंची चारही बाळंतपणं निभावली कशी? मी या प्रश्नावर बरेच दिवस घालवले. त्यांची खोली कौलांची होती. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा सतत वर निघून जाते, तिच्या जागी खालच्या फटींतून गार हवा आत येते. तो झोत अंगाला नकोसा, पण शेगडीचा वायूही त्याच वाटेनं बाहेर पडत होता. शेक-शेगडीची रीत गळक्या घरात जन्मली आणि गळक्या घरातच चालून गेली. आता डोक्यावर स्लॅब आला, सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या, फटी आपण प्लास्टिकनं बुजवतो, आणि शेगडी मात्र जिथल्या तिथे राहिली. आजीनं केलं ते चुकीचं होतं असं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगू नये. घर बदललं आहे, एवढं सांगितलं तर त्यांना पटतं. सासूबाईंना पटलं.

हे एकट्या कोकणातल्या शेगडीचं नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे ८ पर्यटक, त्यांतली ४ लहान मुलं, एका खोलीत बेशुद्ध सापडले आणि आठही जण दगावले. थंडीसाठी गॅसचा हीटर लावला होता आणि दारं-खिडक्या आतून बंद होत्या. न्हाणीघरात बसवलेला गॅसचा गीझरही खिडकी बंद असताना असाच जीव घेऊ शकतो.

याचा अर्थ बाळाला वाऱ्यात ठेवायचं असा नाही. फट बुजवायलाच हवी. नवजात बाळाचं अंग ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं, आणि अंगावरून जाणारा झोत ते भराभर उतरवतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात बाळाला ऊबदार ठेवणं हा एक महत्त्वाचा भाग होता. संसर्ग ओळखणं, औषधोपचार, आईला शिकवणं हे सगळं धरून तिथले नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आशाताई आज घरी येतात त्याची मुळं त्या कामात आहेत.

तेव्हा खिडकीचं काम दिवाळीनंतर करा, लाकूड सुकल्यावर. पावसात झडप अडकली तर दोन महिने अडकू द्या, फार तर कडेला मेण चोळा. थंडीत रात्री पंखा बंद करून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेनं हळू फिरवा. धूर जिथे वाकडा होईल तिथे फट. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट सिमेंटनं भरून घ्यावी. झडप ज्या खाचेत टेकते तिथे रबराची चिकटपट्टी लावा. बिजागरी सैल झाली असेल तर आधी ती आवळा, कित्येकदा तेवढ्यानंच काम होतं. बाज खिडकीखालून हलवून आतल्या भिंतीला लावा. जाड पडदा किंवा घोंगडी टांगा. पण उंचावरचा झरोका, बाजेपासून दूरचा, उघडाच राहू द्या.

शेगडीच्या जागी आई आहे. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीशी धरायचं, वरून वाकळ. कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ही पद्धत सुरू केली; आज आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही कमी वजनाच्या बाळांसाठी ती वापरतात. बाळाचं पोट आणि तळपाय दोन्हींना हात लावून पाहत जा. दोन्ही ऊबदार असतील तर ठीक. पोट ऊबदार पण पाय गार असतील तर लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार लागले तर दवाखाना गाठा. आंघोळ जन्मानंतर निदान पहिले २४ तास नकोच. आणखी ऊब हवीच असेल तर पाणी तापवून पिशव्या भरा आणि बाळ ठेवण्याआधी अंथरूण शेकून घ्या. बाळ ठेवताना पिशवी काढून घ्या. धुरी द्यायचीच असा हट्ट असेल तर शेगडी अंगणात राहू द्या. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीलाही हेच लागू, कारण घमेल्यात निखारे भरून दार लावून झोपणारी माणसं आमच्या खाडीपट्ट्यात मी पाहिली आहेत.

आणि एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं दुखत असेल, बाहेर आल्यावर उतरत असेल, बाळ पिण्यासाठी उठत नसेल, तर बोटावरचं यंत्र बघत बसू नका. माणसं आधी उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना पहिलंच वाक्य हे सांगा: खोली बंद होती आणि आत शेगडी होती.