पिस्टन, पाच लिटरचं माप आणि शिशाचं सील

पेट्रोल पंपावरच्या मशीनची दुरुस्ती करण्यात माझं आयुष्य गेलं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यातले पंप फिरलो. गिऱ्हाइकाला दिसतो तो पडद्यावरचा आकडा. मला दिसतं ते पत्र्याच्या झाकणामागचं मीटर, मांडीवर घेऊन उघडता येईल एवढं. लग्नकार्यात ओळख निघाली की लोक जवळ सरकतात आणि हळूच विचारतात, "खरं सांगा, काटा मारतात का हो?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. जे हाताखालून गेलं, ते इथे मांडतो.

१. मीटर पेट्रोल ढकलत नाही, पेट्रोलच मीटरला चालवतं. हे समजलं तेव्हा मला त्या यंत्राबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल ओढायचं काम पंपाचं. ते दाबानं मीटरमध्ये येतं. आत अधिकच्या चिन्हासारखे चार सिलिंडर असतात, काही मशीनमध्ये समोरासमोर दोन. फिरता व्हॉल्व्ह एका सिलिंडरचं तोंड उघडतो, आत शिरलेलं पेट्रोल पिस्टनला मागे रेटतं आणि त्याच वेळी भरलेला दुसरा सिलिंडर नोझलकडे रिकामा होतो. खळ्यावर एक मापटं भरत असताना दुसरं ओतलं जावं आणि कुणीतरी बाजूला बसून मोजत राहावं, तसं. सिलिंडरचा व्यास ठरलेला, पिस्टनची धाव ठरलेली, त्यामुळे प्रत्येक खेपेचं माप ठरलेलं. बऱ्याच मीटरमध्ये मधला दांडा एकदा फिरला की सुमारे अर्धा लिटर गेलं असं समजायचं. मिनिटाला 40 लिटरची धार असेल तर तो दांडा मिनिटात 80 वेळा फिरतो. पूर्वी याच दांड्यावर दातेरी चाकं बसवून आकड्यांच्या पट्ट्या फिरवत. आता त्या जागी पल्सर असतो. तो प्रत्येक फेऱ्यामागे ठराविक विद्युत स्पंद पाठवतो आणि पडदा ते मोजतो.

२. मीटर घासलं की नुकसान बहुतेक वेळा पंपमालकाचं होतं. हे मी सांगतो तेव्हा समोरच्याचा विश्वास बसत नाही, आणि खरं तर नव्यानं शिकताना माझाही बसला नव्हता. जुनं मशीन म्हणजे गिऱ्हाइकाला कमी, असं आपण धरूनच चालतो. पण आत काय होतं ते बघा. पिस्टनला कडेनं सील असतं. पूर्वी चामड्याची वाटी असायची, आता टिकाऊ प्लास्टिकची. ती झिजली की पिस्टन आणि सिलिंडर यांच्या फटीतून थोडं पेट्रोल पिस्टनला न हलवताच पुढे निसटतं. पिस्टन हललाच नाही, तर दांडा फिरला नाही. दांडा फिरला नाही, तर मोजणी झाली नाही. ते पेट्रोल गाडीत पडलं, पण पडद्यावर आलंच नाही. डिझेलपेक्षा पेट्रोल पातळ, म्हणून ते जास्त निसटतं. धार अगदी मंद असली तर या निसटण्याचा वाटा आणखी वाढतो. "तो पोरगा हळू सोडत होता, म्हणजे कमी दिलं असणार," असं म्हणणाऱ्याला मीटरच्या बाजूनं पाहिलं तर नेमकं उलटं उत्तर मिळतं. वर्षानुवर्षं मी अशी मीटरं उघडली आणि प्रत्येक वेळी हेच वाटलं, की नुसत्या पिस्टनला कुणाची बाजू घेता येत नाही. झीज त्याला ज्या दिशेनं नेते, तिकडे तो जातो.

३. हवा मात्र गिऱ्हाइकाच्या विरोधात जाते. पिस्टनला पेट्रोल आणि हवा यांतला फरक कळत नाही. आत जे शिरेल, त्याची जागा तो मोजतो. म्हणून मीटरच्या आधी हवा वेगळी काढणारं भांडं बसवलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी सोलापूरकडे काम असलं, की मी आधी कान लावायचो. उन्हानं ओढणीच्या पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि मशीन गुरगुरतं. आम्ही म्हणतो, एअर पकडली. अशा वेळी धार तुटक येते, आकडा अडखळत चालतो. टाकीत माल तळाला गेला असेल तरीही हेच होतं. तुमच्या गाडीत धार अशी फसफसत येताना दिसली, तर भरणं थांबवायला सांगा. तिथला चांगला माणूस स्वतःच थांबवतो.

४. आपल्या डोळ्यांदेखत मोजलं जावं, ही गिऱ्हाइकाची इच्छा पेट्रोल पंपाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या फोर्ट वेन गावी सिल्व्हानस बाउझरनं 5 सप्टेंबर 1885 रोजी आपला पहिला पंप एका दुकानदाराला दिला. तो रॉकेलसाठी होता, मोटारींचं युग अजून यायचं होतं. पुढे मोटारी आल्या आणि उंच काचेच्या नळकांड्याचे पंप निघाले. हातानं दांडा मारून पेट्रोल वर काचेत चढवायचं, गिऱ्हाइकानं खुणेपर्यंत भरलेलं बघायचं, मग ते गाडीत सोडायचं. मोजणी उघड्यावर होती. पिस्टन मीटर आलं, वेग आला, रांगा लवकर सरकू लागल्या. पण मोजणी झाकणाआड गेली. जे दिसायचं, त्यावर आता विश्वास ठेवावा लागला.

पाच लिटरचं माप या विश्वासासाठी आहे. आपल्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पंपावर ते ठेवावंच लागतं आणि त्याच्यावरही वजनमापे खात्याचा शिक्का असावा लागतो. पोट शंकूसारखं आणि मान अरुंद. मान अरुंद असण्यातच सगळं शहाणपण आहे. रुंद बादलीत 25 मिलिलिटरचा फरक नजरेला कळणारही नाही; त्या मानेत तो पट्टीवर स्पष्ट दिसतो. पाच लिटरला 25 मिलिलिटर कमी किंवा जास्त, म्हणजे अर्धा टक्का, एवढीच सूट मीटरला आहे. जास्त दिलं तरी ती चूकच धरली जाते.

माझे उस्ताद माप हातात धरायला देण्याआधी म्हणायचे, "आधी ओलं कर रे." कोरड्या मापाच्या आतल्या बाजूला पेट्रोलचा पातळ थर चिकटून राहतो आणि तेवढं पेट्रोल हिशेबातून जातं. म्हणून पहिल्यांदा भरून ओतायचं, निथळू द्यायचं, मगच खरी मोजणी. माप सपाट जागेवर ठेवायचं. डिझेलचा फेस बसेपर्यंत थांबायचं. नजर मानेच्या पट्टीच्या रेषेत आणायची, वरून वाकून बघायचं नाही. उस्ताद या कामात कधीही घाई करत नसत. मागे ट्रकची रांग लागलेली असायची, मालक घड्याळ बघत असायचा, आणि हे फेस बसायची वाट बघत शांत उभे. त्या थांबण्यातून मी धंदा शिकलो. आजही एखादा नवा मुलगा फेसासकट आकडा वाचताना दिसला की मी त्याचा हात धरतो.

५. ज्याला पेट्रोल कमी मिळालं असं वाटतं, त्याच्या बोलण्यात बहुतेक वेळा काहीतरी खरं असतं. ते मीटरमध्ये असतंच असं नाही. एक बाई स्कूटर घेऊन आल्या होत्या. पुस्तिकेत टाकीची जी क्षमता दिली होती, त्याहून जास्त लिटरचं बिल झालं होतं. त्यांचा संताप रास्त होता. माप मागवलं, त्यांच्यासमोर तपासलं, बरोबर आलं. मग त्यांना टाकी दाखवली. गाडीची कंपनी सांगते ती क्षमता आणि टाकीत गळ्यापर्यंत मावणारं पेट्रोल यांत फरक असतो, कारण वर वाफेसाठी आणि प्रसरणासाठी जागा सोडलेली असते. नोझल आपोआप बंद झाल्यावरही भरत राहिलं की ती जागा भरते. त्या शांतपणे ऐकून गेल्या. त्यांनी विचारलं नसतं, तर मनात संशय घेऊनच घरी गेल्या असत्या.

६. उष्णतेपुढे आमची सगळी बारकाई थिटी पडते. पेट्रोल 10 अंशांनी तापलं, तर लिटरमागे सुमारे 12 मिलिलिटरनं फुगतं. पाच लिटरला हा फरक 60 मिलिलिटर होतो, म्हणजे कायद्यानं मीटरला दिलेल्या सुटीच्या दुपटीहून जास्त. डिझेल त्यापेक्षा कमी फुगतं. उन्हातून आलेला टँकर टाकीत उतरतो, रात्रीतून माल थंड होतो आणि सकाळी मालक डिप घेतो, म्हणजे टाकीत कांडी बुडवून माल मोजतो, तेव्हा कांडी कमी दाखवते. मग त्याला वाटतं, टँकरवाल्यानं फसवलं. सकाळी लवकर पेट्रोल भरावं म्हणजे जास्त मिळतं, असं मात्र समजू नका. टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

७. मीटरला रुपये कळत नाहीत. 100 ऐवजी 110 चं भरलं की चोरी टळते, हा समज मी राज्यभर ऐकला. पिस्टन फिरतो तो लिटरवर. रुपयांचा गुणाकार पुढे पडद्यात होतो. मशीनमध्ये लबाडी केलेली असेल, तर ती 110 लाही तेवढीच लागू होईल. मात्र अगदी थोडं पेट्रोल घेताना टक्केवारीतली चूक वाढते, हे खरं आहे. मोटर सुरू होताना नळी किंचित फुगते, बंद होताना आक्रसते, आणि हे चार-दोन मिलिलिटर अर्ध्या लिटरवर जास्त जाणवतात. म्हणूनच मशीनच्या पाटीवर किमान माप लिहिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी ते 2 लिटर असतं. ज्याच्या खिशात पन्नासच रुपये आहेत, त्याला ही पाटी वाचून काय उपयोग, हा प्रश्न मला कायम टोचत आलाय. त्याचं उत्तर यंत्रात नाही. आणखी एक: शेवटचे थेंब पडावेत म्हणून नळी उचलून झटकू नका. नळी कायम भरलेलीच असते. तुमच्या आधीच्यानं ती भरलेली सोडली, तुम्हीही तशीच सोडता.

८. लबाडी शिरते ती मीटरच्या पुढे. 2017 साली उत्तर प्रदेशात पंपांच्या मशीनमध्ये चिप सापडल्या आणि त्यानंतर ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या पंपांवरही छापे घातले. त्या बातम्या वाचून माझी झोप उडाली होती, कारण या धंद्याचं नाव त्यात होतं. अशा मशीनमध्ये पिस्टन आपलं काम चोख करत असतो. अर्धा लिटर गेलं की अर्धा लिटरच. पण पल्सर किंवा त्याच्यापुढचं सर्किट बदललेलं असतं, आणि ते पडद्याला जास्त स्पंद सांगतं. ज्यानं हे केलं, त्याला मीटरची अगदी चांगली ओळख होती, म्हणजे तो आमच्यातलाच कुणीतरी होता. याची मला आजही लाज वाटते. एवढं ज्ञान असलेला माणूस ते गरिबाच्या टाकीतून थेंब चोरायला वापरतो, याला माझ्याकडे माफी नाही.

म्हणून शिशाच्या सीलला मी फार मानतो. मीटरची जुळणी जिथून बदलता येते तिथून आणि पल्सरच्या झाकणातून एक तार ओवलेली असते, आणि तिच्या टोकाला वजनमापे निरीक्षकाच्या शिक्क्याचं शिसं असतं. दुरुस्तीसाठी ते तोडावं लागलं, तर नवी मोजणी आणि नवा शिक्का झाल्याशिवाय विक्री सुरू करता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्यालाही खात्याचा परवाना लागतो. सण तोंडावर असताना मालक हात जोडतात, "दोन दिवस चालू द्या, साहेब नंतर येतील." अशा वेळी नाही म्हणायला जमलं पाहिजे. ते न जमणाऱ्यानं हा धंदा करू नये.

९. माप बरोबर आलं म्हणजे माल बरोबर, असं नाही. मीटर आकारमान मोजतं; आत काय आहे हे ते सांगत नाही. त्यासाठी पंपावर हायड्रोमीटर असतो, रोजच्या घनतेची नोंद असते, आणि गिऱ्हाइकाला फिल्टर पेपरची चाचणीही मागता येते.

१०. बहुतेक पंपांवर सकाळी विक्रीआधी प्रत्येक नोझलचं पाच लिटरचं माप घेतात आणि ते टाकीत परत ओततात. जे मालक हे मनापासून करतात, त्यांच्याकडे माझं काम कमी असे आणि चहा जास्त मिळे. गिऱ्हाइकानं माप मागितलं तर रागावणारा मालक मला आवडला नाही. ज्याचं माप खरं आहे, त्याला ते दाखवायला आनंद वाटला पाहिजे.

तेव्हा तुम्हालाही सांगतो, संकोच करू नका. गर्दी नसताना पंपावर जा आणि पाच लिटरचं माप मागा. माप आधी ओलं करायला सांगा, मानेच्या पट्टीवर स्वतः बघा. पडताळणीचं प्रमाणपत्र दर्शनी लावलेलं आहे का, त्यावरची तारीख वर्षाच्या आतली आहे का, तेही पाहून घ्या. कमी भरलं किंवा कुणी माप द्यायला नकार दिला, तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र, म्हणजे वजनमापे खात्याच्या, कार्यालयात तक्रार करता येते. ही तपासणी तुमचा हक्क आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.