पहिली गाडी : एक सोडवलेलं उदाहरण



होस्टेलवर रात्री बारानंतर दोनच विषय रंगतात. एक मेसची भाजी आणि दुसरा गाड्या. ‘झीरो टू हंड्रेड किती सेकंदात?’ यावर हमरीतुमरी होते, पण ‘ही गाडी महिन्याला किती खाईल?’ असं विचारणारा मला चार वर्षांत एकही भेटला नाही. नोकरी लागली की आपल्यातले बरेच जण गाडी घेणार, आणि त्यातल्या बहुतेकांच्या हाताला अजून क्लचची सवय नसणार. म्हणून हा लेख. विषय हिशोबाचा आहे, तेव्हा आपल्या पाठ्यपुस्तकासारखाच मांडतो. उदाहरण आमच्या घरचं आहे.

दिलेली माहिती : माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी मिरजेला जावं लागतं. गावापासून अंतर ३८ किलोमीटर. चार तास मशीनवर काढल्यावर एसटीत किंवा वडापमध्ये उभं राहायची ताकद उरत नाही. गावातला गाडीवाला एका फेरीचे १४०० रुपये घेतो. महिन्याला साधारण १३ फेऱ्या, म्हणजे १८,२०० रुपये! घरात गाडी चालवणारं कोणी नव्हतं. मी इथे होस्टेलला, त्यामुळे अक्काने शिकायचं ठरवलं. लर्निंग लायसन्स काढल्यावर निदान ३० दिवस थांबून पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. तिने दोन महिने शिकून मगच दिली.

शोधा : परवडणारी, नवख्या हाताला झेपणारी आणि भरवशाची गाडी. बजेट सव्वाचार लाख.

पायरी १. नवी की जुनी? २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या हे खरं. पण शोरूमची किंमत म्हणजे रस्त्यावरची किंमत नव्हे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स लागतो, वर इन्शुरन्स. शिवाय नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त किंमत गमावते, आणि नेमक्या त्याच काळात नवखा ड्रायव्हर तिला गेटाला घासतो. आम्ही जुनीच घ्यायची ठरवली.

पायरी २. किती जुनी? इथे तारखा पाठ करा, व्हायव्हासारख्या! एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर. एप्रिल २०२० पासून बीएस-६. त्यामुळे ‘२०१५ ची आहे, पण चकाचक आहे हो’ असं कोणी म्हणालं की आम्ही हात जोडायचो. नवख्या माणसाचा पाय ब्रेकवर घाबरून पडतो. तेव्हा चाकं लॉक न होणं ही चैन नाही, गरज आहे.

पायरी ३. कोणती? शेवटी दोन उरल्या, वॅगन-आर आणि टियागो. वॅगन-आरची सीट उंच, अण्णा कोणाच्या मदतीशिवाय बसू-उतरू शकत होते. टियागोत त्यांना हात द्यावा लागत होता. पण ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी वॅगन-आरला २०१९ साली पाचपैकी २ स्टार मिळाले होते, टियागोला जानेवारी २०२० मध्ये ४. घरात दोन दिवस वाद झाला. आईचं म्हणणं, रोजचा त्रास बघा. अक्का म्हणाली, “अण्णांना हात द्यायला मी आहे. ट्रकनं ठोकलं तर मी काय करणार?” रस्ता हायवेचा, ट्रकांचा. टियागो ठरली. मॉडेल २०२० चंच, दोन एअरबॅगवालं.

पायरी ४. तपासणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला, तेव्हा कित्येक गाड्या पाण्यात होत्या. त्यानंतरही आपल्या भागात पूर येऊन गेलेत. अशा गाड्या धुऊन-पुसून विकायला येतात. एक गाडी आम्हाला बाजारभावापेक्षा बरीच खाली मिळत होती. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ! सीटखालचे रूळ गंजलेले. नमस्कार केला आणि निघालो. तुम्हीही हे बघाच. शिवाय :

– गाडी आधी गरम करून ठेवू नका असं मालकाला सांगा. खरा आवाज थंड इंजिनचा.
– टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२० म्हणजे २०२० सालचा २३ वा आठवडा.
– बॉनेट आणि दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा.
– ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. त्याला दिलेले पाचशे रुपये वाया जात नाहीत.

पायरी ५. कागदपत्रं. आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का, ई-चलन थकलंय का, हे ऑनलाईन दिसतं. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. परराज्यातली गाडी असेल तर एनओसीही लागते. ‘सह्या करून ठेवतो, नाव नंतर बघू’ हे चालवून घेऊ नका. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याचीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. म्हणून विकणाऱ्यालाही घाई हवी.

उत्तर : गाडी ४ लाख १० हजारांना मिळाली. २ लाख १० हजार साठवलेले, २ लाख कर्ज, १२ टक्क्यांनी. पाच वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ४,४५० येतो, पण व्याज जातं ६७ हजार. तीन वर्षांत हप्ता ६,६४० आणि व्याज ३९ हजार. आम्ही तीन घेतली. महिन्याचा हिशोब असा : ९८८ किलोमीटरला १७ च्या ॲव्हरेजने, १०५ रुपये लिटर धरून पेट्रोल ६,१००, हप्ता ६,६४०, इन्शुरन्स ७५०, सर्व्हिसिंग-टायरसाठी बाजूला १,५००. एकूण १४,९९०. भाड्यापेक्षा ३,२१० रुपये कमी, आणि कर्ज फिटल्यावर खर्च साडेआठ हजारांच्या आत. साठवलेले पैसे गेले हे खरं, पण गाडी दारात आहे, आणि रात्री-अपरात्री कोणाचं दार ठोठवावं लागत नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील. तुम्हाला महिन्यात दोनशे किलोमीटरच जायचं असेल, तर हेच गणित कदाचित ‘गाडी घेऊच नका, रिक्षा करा’ असं सांगेल. तेही उत्तर बरोबरच! फक्त आधी वहीवर मांडा, मग शोरूममध्ये शिरा. आणि रंग? तो सगळ्यात शेवटी विचारा.