सेकंडहँड मोटार आणि जादा वॉरंटी : घ्यावी की सोडावी?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आपल्या भागात काही गोष्टी हमखास घडतात. सोसायटीचे कर्ज फिटते, लग्नाची बोलणी निघतात आणि अलीकडे कुणाच्या तरी दारात सेकंडहँड चारचाकी येऊन उभी राहते. त्यात गैर काही नाही. रात्री-अपरात्री म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचे झाले तर गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पण सौदा ठरतो, चहा होतो आणि मग टेबलापलीकडचा तरुण एक छापील कागद पुढे सरकवतो. "साहेब, जादा वॉरंटी घेऊन टाका, वर्षभर निर्धास्त!" रक्कम दहा-पंधरा हजार. चार लाखांपुढे ती किरकोळ वाटते आणि आपण सही करून मोकळे होतो.

ही सही करण्यापूर्वी काय पाहावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी एक घोळ मिटवू. वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. गाडी झाडाला धडकली, चोरीला गेली, पुरात बुडाली, तर तो विम्याचा विषय. वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत, ठरावीक किलोमीटरच्या आत, ठरावीक भाग आपोआप बिघडला तर दुरुस्त करून देण्याचा करार. यातला 'ठरावीक' हा शब्द तीनदा आला आहे, तो उगीच नाही.

आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही पाच वर्षे वापरलेली एक डिझेल गाडी घेतली आणि चौदा हजार रुपये भरून वर्षाची वॉरंटीही घेतली. सातव्या महिन्यात टर्बो गेला. कागद घेऊन ऐटीत गेलो. तिथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "मधलं ऑईल कुठं बदललं?" ऑईल वेळेवर बदलले होते, चांगल्या प्रतीचे बदलले होते, पण गावातल्या मिस्त्रीकडे. आणि त्याच्याकडे कसले आले बिल! करारात लिहिले होते की सर्व्हिसिंग वेळच्या वेळी अधिकृत वर्कशॉपमध्ये करून पावत्या जपल्या पाहिजेत. अर्ज नामंजूर झाला. वर टर्बो खोलून पाहण्याची मजुरीही आमच्याच माथी पडली, कारण तेही बारीक अक्षरात होते. टर्बोचे अडतीस हजार खिशातून गेले. राग आला खरा, पण कागद काढून वाचला तेव्हा कळले की तो माणूस खोटे बोलत नव्हता. आम्ही वाचलेच नव्हते.

अहो, उसाची गाडी काट्यावर चढली की आपण पावतीवरचा किलोन् किलो तपासतो. मग हा कागद न वाचता कसा घेतो? वाचताना पुढच्या बाजूची 'काय काय मिळेल' ही यादी सावकाश वाचली तरी चालेल. आधी पान उलटून 'काय मिळणार नाही' ते वाचावे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बल्ब, वायपर, रबरी होज आणि बुश, फिल्टर, ऑईल हे झिजणारे भाग बहुतेक करारांतून वगळलेले असतात. जुन्या गाडीवर पहिल्या वर्षी जो खर्च खात्रीने येतो तो नेमका यांचाच! शिवाय भाग जुना झाला म्हणून किमतीत घट धरणे, वर्षाच्या एकूण दाव्याला मर्यादा, पहिले काही दिवस दावा न चालणे, भाड्याने फिरवलेली किंवा बाहेरून गॅसकिट बसवलेली गाडी बाद, अशा अटी असू शकतात. आणि जवळपास प्रत्येक करारात सापडणारे वाक्य म्हणजे, विक्रीच्या आधीपासून असलेल्या दोषाला वॉरंटी लागू नाही. दोष आधीचा की नंतरचा हे बहुधा त्यांचाच माणूस ठरवतो.

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या लोकांनी या वाक्यापाशी थांबावे. 2019 आणि 2021 च्या महापुरात आपल्या भागात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, पॉलिश मारून लांबच्या बाजारात उभी करता येते आणि लांबची इथेही येते. असे पाणी दोन-दोन वर्षांनी वायरिंगमधून डोके वर काढते. तेव्हा वॉरंटीवाला हात वर करणार. म्हणून गाडी पाहताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. तो सहसा कुणी धूत नाही, गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का, चटईखाली कुबट वास आहे का, जादा चाकाच्या खड्ड्यात माती आहे का, ते बघावे. ओळखीच्या मिस्त्रीला दिवसाची मजुरी देऊन सोबत न्यावे. आमच्या मते तो हजार-दोन हजारांचा खर्च कुठल्याही वॉरंटीच्या आधी करावा.

आता हिशेब. सहकारात वाढलेल्या माणसाला हा समजायला अवघड नाही. समजा, दहा जणांनी सारखीच साधी पेट्रोल गाडी घेतली, हाताच्या गियरची, सहा वर्षांची. प्रत्येकाने वॉरंटीचे पंधरा हजार भरले. जमा झाले दीड लाख. वर्षात दहापैकी एकाचा एसी कॉम्प्रेसर जाईल आणि दुसऱ्या एकाचा स्टार्टर, असे धरा. दोन्ही मिळून चाळीस हजार परत आले. बाकीचे एक लाख दहा हजार कुठे गेले? कमिशन, ऑफिस, नफा आणि कर. आकडे आमच्या अंदाजाचे आहेत, आपण आपल्या मिस्त्रीला विचारून आपले घालावेत. पण अशा साध्या गाडीसाठी आम्ही तरी पंधरा हजार पतसंस्थेत वेगळे ठेवू. बिघाड झाला तर ते उपयोगी पडतील, न झाला तर व्याजासह आपलेच.

ऑटोमॅटिक गियरबॉक्स, टर्बो डिझेल, भरपूर इलेक्ट्रॉनिक्स अशी गाडी असेल तर गणित बदलते. तिथे एकच बिघाड लाखाच्या घरात जाऊ शकतो आणि तेवढी रक्कम ऐन लागणीच्या दिवसांत कुणाच्या हाताशी असते? एका झटक्याने घर हलणार असेल तर थोडे महाग पडले तरी संरक्षण घेण्यात शहाणपण आहे. मात्र तो गियरबॉक्स, ते इंजेक्टर यादीत नावानिशी आहेत का ते पाहावे. अधिकृत वर्कशॉप किती लांब आहे तेही पाहावे. प्रत्येक सर्व्हिसिंगला साठ-सत्तर किलोमीटर जाणे होणार नसेल तर अट मोडणारच, मग पैसे भरूच नयेत.

वॉरंटी देतो कोण, हाही प्रश्न आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीची असेल तर ती तिच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. विक्रेत्याची स्वतःची किंवा तिसऱ्याच संस्थेची असेल तर दुकान उद्या बंद पडल्यावर काय, ते आजच विचारावे. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पहिल्या मालकाने कंपनीची वाढीव वॉरंटी घेतली असेल आणि मुदत बाकी असेल, तर ती अनेकदा नव्या मालकाच्या नावावर होते. गाडी नावावर करताना हीही चौकशी करावी, नाहीतर हातात असलेली वस्तू पुन्हा विकत घेतल्यासारखे होईल.

विक्रेता तोंडी म्हणेल, "त्याची काळजी नको, आम्ही बघून घेऊ." तेच वाक्य कागदावर सही-शिक्क्यानिशी मागावे. पुढे दावा नाकारला तर नकारही कारणासह लेखी घ्यावा, फोनवरचा नकार मानू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. तिथेही पहिल्यांदा पावत्याच विचारतात. आमच्या गावच्या मिस्त्रीने आता बिलबुक छापून घेतले आहे.