यंत्राच्या भयाने विमागणित सोडू नका

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत पुनःपुन्हा येतो: मुलाला गणिताची गोडी आहे, ॲक्च्युअरी (विमागणितज्ञ) व्हावे असे त्याच्या मनात आहे, परंतु विम्याचे सारे हिशेब जर कृत्रिम बुद्धिमत्ताच करू लागणार असेल, तर त्याने तो नाद सोडून सरळ ‘एआय’ची पदवी घ्यावी काय? माझे उत्तर स्पष्ट आहे. घेऊ नये, निदान या भयापोटी तरी घेऊ नये.

यंत्राने या व्यवसायात प्रवेश केला आहे, ही गोष्ट मी नाकारीत नाही. चेपलेल्या मोटारीच्या छायाचित्रावरून दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज बांधणे, रुग्णालयांच्या बिलांतून संशयास्पद दावे बाजूला काढणे, हजारो पॉलिसींची माहिती चाळून तक्ते तयार करणे, ही जी कामे विमा कंपन्यांच्या दफ्तरांत नवशिके उमेदवार करीत आले, त्यांतील पुष्कळशी आता यंत्राकडे जात आहेत. आणि जो विद्यार्थी केवळ एक्सेलचे रकाने भरण्यात तरबेज होऊन या क्षेत्रात शिरू पाहील, त्याला जागा मिळणे कठीण जाईल, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. परंतु रकाने भरणे म्हणजे विमागणित नव्हे.

मोटार किंवा आगीच्या विम्यात येऊ घातलेल्या दाव्यांसाठी किती रक्कम राखून ठेवावी हे ठरविताना एक त्रिकोणी तक्ता मांडतात. आडव्या ओळींत अपघाताची वर्षे, उभ्या रकान्यांत त्यानंतर लोटलेली वर्षे, आणि प्रत्येक घरात तोवर चुकती केलेली भरपाई. जुन्या ओळी पूर्ण भरलेल्या असतात, नव्या अर्धवट. त्या जुन्यांच्या चालीवरून पुऱ्या करावयाच्या. आता समजा, शेवटच्या कर्णावरील, म्हणजे चालू वर्षाची, सारी घरे एकाएकी फुगली. यंत्र त्या आकड्यांना प्रमाण मानून पुढील देणी वाढवून दाखवील. वस्तुतः घडलेले असते ते एवढेच की, तुंबलेल्या फायली मार्चअखेर निकाली काढण्याचा हुकूम सुटला, आणि जी भरपाई पुढील वर्षी द्यावयाची ती याच वर्षी दिली गेली. दाव्यांची रक्कम वाढली नव्हती, ती लवकर चुकती झाली होती. ही हकीकत तक्त्यात कोठेही लिहिलेली नसते. जो माणूस दावे विभागात जाऊन, तेथील कारकुनाजवळ बसून, ‘यंदा तुमच्याकडे काय वेगळे झाले?’ असे विचारतो, त्यालाच ती कळते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. यंत्र शिकते ते मागच्या नोंदींवरून, आणि मागच्या नोंदींत मागचा अन्यायही असतो. एके काळी परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाचे आयुष्य अधिक जोखमीचे मानून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० च्या सुमारास मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी लोकांचा विमा सामान्य दराने उतरविण्यास आरंभ केला. त्या परदेशी कंपन्यांच्या दफ्तरांवर पोसलेले यंत्र असते, तर त्याने तोच जादा हप्ता कायम ठेवला असता, आणि तोही गणिताच्या मोहोरेनिशी. युरोपीय संघाने २०२४ च्या आपल्या कायद्यात आयुर्विमा व आरोग्यविम्यातील जोखीम ठरविणारी आणि हप्ता आकारणारी कृत्रिम बुद्धिमत्ता उच्च जोखमीच्या वर्गात घातली, ती याच धास्तीने. आपल्याकडेही १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे आयुर्विमा कंपनीच्या देण्यांचे मूल्यांकन ॲक्च्युअरीकडून करून घ्यावे लागते. त्या अहवालाखालची सही करणारा माणूस जाब द्यावयास बांधलेला असतो. यंत्राला कोणी जाब विचारू शकत नाही.

म्हणून जुन्याच अभ्यासक्रमावर नवी पाटी लावून भरमसाट फी घेणाऱ्या ‘एआय’च्या पदव्यांमागे धावणाऱ्यांना मी बजावून सांगतो: ज्याला संभाव्यता कळत नाही, त्याला ते यंत्रही कळणार नाही. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र नेटाने शिकणारा मुलगा दोन्ही वाटांवर उभा असतो. ॲक्च्युअरींच्या संस्थेची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते, पुढच्या संख्याशास्त्राच्या परीक्षांत ‘आर’ ही संगणकभाषा वापरावीच लागते. बाकी तपशील संस्थेच्या माहितीपत्रकात आहे.

पालकांना मात्र कठोर शब्द ऐकवणे भाग आहे. पगाराचे आकडे ऐकून या परीक्षांना मुलांना जुंपणारे पालक मी पाहतो, आणि यंत्राची बातमी वाचून त्याच मुलांना अर्ध्यावरून माघारी ओढणारेही तेच असतात. डझनाहून अधिक परीक्षा, बहुतेकांना अनेक वर्षे, एकेका विषयात दोन-तीनदा अपयश, आणि ते बहुधा नोकरी करता करता. हे ज्याला स्वतःच्या ओढीने झेपते त्यानेच पत्करावे. ज्या मुलाने ही वाट स्वतः निवडली नाही, त्याला तीवर ढकलणे हा त्याच्या तारुण्यावर केलेला जुलूम आहे.

आणखी एक वाट आहे, जिच्याविषयी मला कोणीच विचारीत नाही, आणि जी खेड्यातून आलेल्या मुलांना शहरी मुलांपेक्षा अधिक साधेल असे मला मनापासून वाटते: पीकविमा. २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत भरपाई ठरते ती उंबरठा उत्पन्नाशी तुलना करून, आणि ते काढतात मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून. प्रत्यक्ष उत्पन्न मोजण्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात. २०२३ पासून उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेल्या अंदाजालाही योजनेत स्थान मिळाले. येथेच जाणत्या माणसाची गरज आहे. सोयाबीनचे शेत वरून हिरवेगार दिसते, आणि वाकून झाड हातात घ्यावे तो शेंगा पोचट निघतात. उपग्रहाचा आकडा आणि शेतातला आकडा यांत अंतर पडले, तर चूक कोठे झाली हे सांगण्यास संख्याशास्त्र यावे लागते आणि सोयाबीनही ओळखता यावे लागते. ज्याला याची ओढ वाटते, त्याने पदवीला संख्याशास्त्र घ्यावे, सोबत कृषिअर्थशास्त्र वाचावे, आणि यंदाच्या खरिपात आपल्या गावच्या तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला भेटून एक तरी पीक कापणी प्रयोग गट क्रमांकाच्या निवडीपासून धान्याच्या वजनापर्यंत उभे राहून पाहावा.