बंद पडलेला संगणक : कारणशोधाचा एक पाठ

इयत्ता : सातवी. विषय : सामान्य विज्ञान. वेळ : दोन तासिका.

प्रास्ताविक

आंबेगाव तालुक्यातील कळंब हे पुणे-नाशिक मार्गावरील शेतकऱ्यांचे गाव. तेथील मुलास विहिरीवरील मोटर चांगली परिचयाची असते. मोटर सुरू झाली नाही, तर शेतकरी ती लगेच वर काढावयास लागत नाही. तो प्रथम तिन्ही फेज आल्या आहेत काय ते पाहतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, आणि मोटरीकडे सर्वांत शेवटी वळतो. शाळेतील संगणकाच्या बाबतीत मात्र ही शहाणी रीत विसरली जाते. ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो, यंत्रावर कापड टाकले जाते आणि कारागिराची वाट पाहण्यात महिने निघून जातात. ज्यांच्या घरी संगणक नाही, अशा मुलांचे नुकसान यात सर्वांत अधिक होते. पुष्कळदा दोष निघतो तो सैल झालेल्या वायरीचा!

उद्देश

(१) वीज कोणत्या मार्गाने यंत्रापर्यंत जाते, हे मुलांस समजावे. (२) एका वेळी एकच गोष्ट तपासून अनुमान काढण्याची सवय लागावी. (३) विजेविषयी योग्य ती सावधगिरी अंगी यावी.

शिक्षकांसाठी माहिती

घरगुती वीज २३० व्होल्टची व उलटसुलट वाहणारी असते. संगणकाच्या पेटीतील ‘पॉवर सप्लाय’ हा भाग तिचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत रूपांतर करतो. पेटीचे पुढील बटण दिव्याच्या बटणासारखे नसते. ते मुख्य वीज जोडत किंवा तोडत नाही. ते मदरबोर्डास केवळ इशारा देते. यास्तव संगणक बंद दिसत असला, तरी पिन सॉकेटमध्ये असेपर्यंत आत वीज असते, असेच समजावे.

तपासणीचा क्रम

प्रथम नीट पाहावे व ऐकावे. बटण दाबल्यावर पेटीवरील दिवा लागतो काय? पंख्याचा आवाज येतो काय? पंखा फिरत असून पडदा काळा असेल, तर पेटीस वीज मिळत आहे. मॉनिटरचे बटण व त्याची वायर पाहावी. दिवा नाही, आवाजही नाही, अशी स्थिती असेल तर पुढील क्रम धरावा.

१. सॉकेट : तेथे चालू स्थितीतील टेबललॅम्प लावावा. तो लागला नाही, तर दोष संगणकाचा नाही. वर्गाचा फ्यूज किंवा एमसीबी पाहावा.

२. यूपीएस : त्याची बॅटरी काही वर्षांनी निकामी होते. यूपीएस बाजूला ठेवून संगणक सरळ भिंतीवरील सॉकेटला जोडून पाहावा.

३. वायर : सॉकेटचे बटण बंद करून वायर दोन्ही टोकांस घट्ट बसवावी. बहुधा मॉनिटरची व पेटीची वायर एकाच प्रकारची असते. तशी असल्यास त्यांची अदलाबदल करावी. पेटी सुरू झाली, तर दोष वायरीत होता हे सिद्ध झाले.

४. मागील बटण : पॉवर सप्लायवर लहान बटण असल्यास ते चालू आहे याची खात्री करावी. काही जुन्या यंत्रांत ११५ व २३० असे आकडे असलेली सरकती खूणही असते. ती २३० वरच असली पाहिजे. मुलांनी तिला हात लावू नये.

५. साठलेली वीज : पिन काढून पुढील बटण सुमारे पंधरा सेकंद दाबून धरावे. थोड्या वेळाने पिन लावून पुन्हा प्रयत्न करावा. एवढ्यानेही काही यंत्रे सुरू होतात.

येथे शाळेचे काम संपते. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, किंवा वरील पाचही उपाय निष्फळ झाले, तर कारागिरास बोलवावे.

सावधगिरी

जळका वास, धूर किंवा फटका फुटल्यासारखा आवाज आल्यास मुख्य बटण तत्काळ बंद करावे व पुन्हा प्रयोग करू नये. ओल्या हातांनी पिन हाताळू नये. पॉवर सप्लायची पेटी शिक्षकांनीही कधीच उघडू नये. तिच्या आत तीनशेहून अधिक व्होल्टचा भार साठतो व तो पिन काढल्यावरही काही काळ टिकतो. पाठ चालू असता मुलांनी पाहावे, बोलावे व लिहावे. जोडणी शिक्षकांनीच करावी.

पाठाची मांडणी

फळ्यावर सॉकेट, यूपीएस, वायर, पॉवर सप्लाय व मदरबोर्ड अशी साखळी काढावी. प्रत्येक कसोटीपूर्वी विचारावे : “असे झाले तर काय सिद्ध होईल? न झाले तर काय?” टेबललॅम्प लागला म्हणजे सॉकेट निर्दोष ठरले, संगणकापर्यंत वीज पोहोचली असे मात्र ठरले नाही. हा भेद मुलांच्या तोंडून निघाला, की पाठाचा अर्धा हेतू साधला. दोन गोष्टी एकदम बदलू नयेत. यंत्र सुरू झाले तरी खरे कारण कळत नाही.

नोंद

एका वहीत दिनांक, दिसलेले लक्षण, केलेली कसोटी व परिणाम असे चार रकाने आखावेत. “संगणक चालत नाही” या निरोपापेक्षा “सॉकेट ठीक, वायर बदलली, दिवा लागत नाही” हा निरोप कारागिरास अधिक उपयोगी पडतो व त्याची एक खेप वाचते.

स्वाध्याय

(१) विहिरीवरील मोटर व संगणक यांच्या तपासणीतील साम्य लिहा. (२) घरातील एखादा दिवा लागत नसेल, तर वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली कोणत्या क्रमाने कारण शोधाल?

यंत्र उद्या बदलेल, बटणांच्या जागाही बदलतील. परंतु न घाबरता, न धसमुसळेपणा करता क्रमाने कारण शोधणारे मूल शाळेतून बाहेर पडले, तर ते शेतात, कारखान्यात व संसारात कोठेही अडणार नाही.