पाय आधी, बोल नंतर

प्रश्न : मी पाचवीला संगीत शिकवते. मुलांना तीनतालाचे बोल तोंडपाठ आहेत, पण टाळी चुकते. चालत, नाचत ताल शिकवला तर शास्त्र बिघडेल का?
– एक शिक्षिका, औसा

उत्तर : मुळीच नाही, बाई. टाळी-खाली हाताने दाखवतो, तेव्हाही ताल अंगातूनच शिकवतो. जिनिव्हात एमिल जाक-दालक्रोझ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचीच पद्धत बसवली. आणि औशाला हे नवं कसं? नाथ संस्थानाचं नाचत म्हटलं जाणारं चक्रीभजन मुलांनी पाहिलं असेलच.

बोल काही दिवस बाजूला ठेवा. ८ मात्रांचा केरवा घ्या : दर मात्रेला एक पाऊल, पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली. मग तीनतालाची १६ पावलं. १, ५, १३ वर टाळी, ९ वर खाली. मध्येच तुम्ही मोजणं थांबवा. तरीही सगळे समेवर एकत्र आले, तर बोल खुशाल परत आणा.

नाचताना लय पळते, तेव्हा संथच ठेवा. फरशीवर उड्या नकोत. पाय दुखणाऱ्या मुलाने बसून मांडीवर ताल धरावा. तोही तितकाच खरा. चुकणाऱ्याला एकटं उभं करून मोजायला मात्र लावू नका.