अल्पायुषी सोबती : पांढरा उंदीर, हॅम्स्टर आणि गिनीपिग

उंदीर म्हटला की आपल्याला कुरतडलेली वही, भोक पडलेले धान्याचे पोते आणि सापळा यांचीच आठवण होते. कोकणीत ज्याला ‘हुंदीर’ म्हणतात, त्याला हाकलण्यासाठी मांजर पाळावयाचे ही आपली जुनी रीत. असे असता आज पुष्कळ शहरी घरांतून पांढरे उंदीर, हॅम्स्टर व गिनीपिग हौसेने पाळले जातात. हे प्राणी कुटुंबाचे चांगले सोबती होऊ शकतात काय, याचा येथे थोडा विचार करू.

प्रथम त्यांची ओळख करून घेऊ. हे सर्व कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. म्हणून कुरतडणे ही त्यांची खोडी नव्हे, गरज आहे. पांढरा उंदीर हा घरातल्या उंदराचाच माणसाळलेला भाऊबंद. सोनेरी हॅम्स्टरचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९३० साली सीरियातील अलेप्पो शहराजवळ इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने एक मादी व तिची पिल्ले बिळातून मिळविली आणि जेरुसलेमला नेली. जगभर पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅम्स्टरांपैकी बहुतेक सर्व याच कुटुंबाचे वंशज होत. गिनीपिग हा ना गिनी देशाचा, ना डुकराच्या जातीचा. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळविले, तेही खाण्यासाठी!

यांना जागा व अन्न थोडे लागते, आवाजाचा त्रास नसतो. म्हणून हा सोपा छंद आहे, असा पालकांचा समज होतो. परंतु प्राणी लहान म्हणून त्याच्या गरजाही लहान, असे मानणे योग्य नव्हे. हॅम्स्टर निशाचर आहे. मुले शाळेतून परतून त्याला खेळण्यासाठी उठवितात, तेव्हा ती त्याची झोपमोड असते. दचकून तो चावतो आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो. मोठे झालेले दोन सोनेरी हॅम्स्टर एका पिंजऱ्यात ठेवल्यास ते रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात. उलट गिनीपिग एकटा राहिल्यास खंगतो. त्याला जातभाईची सोबत हवीच. शिवाय आपल्याप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून गवताबरोबर रोज ढोबळी मिरची, कोथिंबीर यांसारखा ताजा भाजीपाला त्याला द्यावा लागतो. आपल्याकडील उन्हाळा तर या प्राण्यांना फार बाधतो. पिंजरा उन्हात राहिला तर थोड्या वेळातच ते दगावतात. नर व मादी एकत्र ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. उंदराची मादी सुमारे २० दिवसांत, तर हॅम्स्टरची अवघ्या १६ दिवसांत विते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. उंदराचे हृदय मिनिटाला ५०० हून अधिक ठोके देते, आणि जणू त्याच वेगाने त्याचे आयुष्यही सरते. पांढरा उंदीर सुमारे २ वर्षे, हॅम्स्टर २ ते ३ वर्षे आणि गिनीपिग ५ ते ८ वर्षे जगतो. पाचवीच्या आरंभी आणलेला उंदीर सातवी संपेपर्यंत बहुधा राहणार नाही. लहान मुलाला हा वियोग सोसेल काय? काही पालक मेलेला प्राणी गुपचूप टाकून त्याच रंगाचा दुसरा आणून ठेवतात. हेतू मायेचा असला तरी ही फसवणूक होय. त्यातून मूल एवढेच शिकते, की जीव हा दिव्याच्या काचेसारखा असून फुटला तर बदलता येतो. त्यापेक्षा मुलाला खरे सांगावे, बागेत खड्डा करू द्यावा आणि रडूही द्यावे.

म्हणून आमचे मत असे : हे प्राणी चांगले सोबती होऊ शकतात, पण त्यांची जबाबदारी घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने प्रथम स्वतः पत्करली असेल तरच. मुलांनी दाणापाणी द्यावे, पिंजरा साफ करावा, हात साबणाने धुवावेत. मोठ्यांनी देखरेख ठेवावी. अगदी लहान मुलांच्या हाती हॅम्स्टर देऊ नये. जागा व वेळ असल्यास दोन गिनीपिग माद्या बऱ्या. रानातली खार किंवा बिळातला उंदीर पकडून मात्र कधीही पाळू नये. त्यात त्याचे हाल आणि आपल्याला रोगाचे भय.

दोन वर्षे आपल्याला थोडी वाटतात. परंतु त्या इवल्या जिवाचे तेच संपूर्ण आयुष्य असते. ते सुखाचे करण्याची तयारी असेल, तरच पिंजरा विकत घ्यावा.